तीन सवतींच्या बेटावर पाहुणे

दुपारची जेवणं उरकलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो, आता जरा पाठ टेकावी म्हटलं की नेमकी दाराची बेल वाजते. दारात पाहुणे! तोंडभर हसून आपण "या, या, बसा ना" म्हणतो खरं, पण मनात एक हिशेब सुरू झालेलाच असतो. भात उरलाय का? आमटी वाढवता येईल का? दूध आहे ना? आणि हळूच एक प्रश्न : ही मंडळी किती वेळ थांबणार?

आता असं एक गाव डोळ्यांपुढे आणा, की जिथे पाहुणे लांबून नुसते दिसले तरी लोक घरातून धावत सुटतात. लपण्यासाठी नव्हे हं! दुसऱ्याच्या आधी आपण त्यांना गाठावं आणि आपल्या घरी जेवायला न्यावं म्हणून. आणि पाहुणे तरी कोण? ना ओळखीचे, ना पाळखीचे. पाच-सहा दिवस समुद्रावर हेलकावे खात, मिठाने केस चिकट झालेले, कुठल्या देशाचे हेही ठाऊक नसलेले.

ह्या गावाचं नाव पामर्स्टन. पॅसिफिक महासागराच्या दक्षिण भागात कुक बेटं म्हणून एक छोटासा देश आहे. पंधरा बेटं, तीही हजारो मैलांच्या पाण्यात मोहरीच्या दाण्यांसारखी विखुरलेली. १९६५ पासून हा देश आपला कारभार आपण पाहतो, पण न्यूझीलंडशी बांधलेला आहे आणि इथले लोक न्यूझीलंडचे नागरिक असतात. त्याचं मुख्य बेट रारोटोंगा. तिथून वायव्येला साधारण पाचशे किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या मुंबई-गोव्याच्या थोडं अलीकडे-पलीकडे, इतक्या अंतरावर पामर्स्टन. फरक एवढाच, की मुंबई-गोव्याच्या वाटेत पनवेल लागतं, महाड लागतं, चिपळूण लागतं. इथे मध्ये काही म्हणजे काही नाही. विमानतळ नाही, बंदर नाही. मालाचं जहाज वर्षातून मोजक्या वेळा येतं आणि त्याची तारीख पक्की अशी नसते. म्हणून ह्या गावी माणूस पोचतो तो बहुतेक शिडाच्या नौकेतून.

शाळेत भूगोलात आपण 'कंकणद्वीप' हा शब्द घोकला होता, आठवतो? परीक्षा झाली आणि विसरलो. पामर्स्टन हे अगदी तसं कंकणद्वीप आहे. समुद्राच्या तळातून वर आलेली पोवळ्यांची एक वर्तुळाकार भिंत, तिच्या आत शांत, हिरवट-निळं उथळ पाणी, आणि त्या भिंतीच्या कडेकडेने काकणावर खडे बसवावेत तशी लहान लहान बेटं. सगळी जमीन एकत्र केली तरी दोन-अडीच चौरस किलोमीटर! त्यातल्या एकाच बेटावर माणसं राहतात. त्याला ते 'होम आयलंड' म्हणतात. घराचं बेट. रमतगमत चाललं तरी तासाभरात त्याला प्रदक्षिणा होते.

शिडाच्या नौकेतून जग हिंडणं हा आपल्याकडे अजून नवलाचाच विषय आहे. पण परका राहिलेला नाही. २०१७ साली गोव्याहून 'तारिणी' नावाची नौका निघाली. गोव्यातच बांधलेली, छपन्न फुटी. तिच्यावर आपल्या नौदलातल्या सहा स्त्री अधिकारी होत्या, पुरुष एकही नव्हता. २५४ दिवसांनी त्या पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आल्या. पुढे २०२४-२५ मध्ये त्याच नौकेवर दोघीच जणी निघाल्या आणि त्याही सुखरूप आल्या. त्यांची वाट पामर्स्टनच्या बरीच दक्षिणेकडून, बर्फाळ वाऱ्यांतून गेली. पामर्स्टनला जातात ते वेगळ्या जातीचे प्रवासी. बहुतेक नवरा-बायको असतात, मुलं मोठी झालेली, नोकरीतून मोकळे झालेले. काहींच्या बरोबर शाळेत जायच्या वयाची पोरंही असतात. त्यांच्या नौका 'तारिणी'हून लहान. बोराबोरा हे ताहितीजवळचं बेट सोडून पश्चिमेला टोंगाकडे निघालं, की वाटेत पाच-सहा दिवसांवर हे पामर्स्टन लागतं. मे ते ऑक्टोबर हाच काय तो मोसम. नोव्हेंबरपासून तिथे चक्रीवादळांचे दिवस सुरू होतात.

ह्या पाच-सहा दिवसांत नौकेवरच्या गृहिणीचा संसार कसा चालतो, ते ऐकण्यासारखं आहे. आपल्या न्हाणीघराएवढं स्वयंपाकघर. शेगडी अशी टांगलेली, की नौका कितीही कलली तरी ती पाळण्यासारखी झुलून पातेलं सरळ ठेवते. अंड्यांना बाहेरून व्हॅसलीन चोळून ठेवतात, त्यामुळे ती फ्रिजशिवाय कितीतरी दिवस टिकतात. कोबी, कांदे, बटाटे, लाल भोपळा ही टिकाऊ भाजी. आणि प्रेशर कुकर! हो, आपला कुकर ह्या मंडळींत फार लाडका आहे. गॅस वाचतो हे तर झालंच, पण लाटेने धक्का दिला तरी झाकण घट्ट असल्यामुळे उकळतं सांडत नाही, हा मोठा गुण. रात्री दोघांपैकी एकाने जागं राहायचं, तीन-तीन तासांच्या पाळ्या. म्हणजे नवरा झोपलेला असतो आणि ती एकटी, अंधारात, सुकाणूपाशी. वर आभाळभर चांदण्या. रम्य वाटतं ना ऐकायला? पहिल्या दोन रात्री बहुतेकींना उलट्या होत असतात, हेही सांगून टाकते.

अशी ही थकलीभागली नौका एका सकाळी पामर्स्टनजवळ येते. लांबून दिसतात ती फक्त माडांची डोकी, जणू माड पाण्यातूनच उगवलेत. डोंगर नाही, टेकडी नाही. जवळ आल्यावर पोवळ्याच्या भिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ दिसते. ह्या भिंतीतून आत जायला वाट आहे, पण अरुंद आणि वेडीवाकडी. शिडाची नौका तिच्यातून जाऊ शकत नाही. तिने बाहेर, बेटाच्या पश्चिमेला आडोशाच्या बाजूस थांबायचं. आणि तिथे तिला बांधायला बोये आहेत, ते गावातल्याच लोकांनी टाकून ठेवलेले.

तेवढ्यात भिंतीच्या आतून एक ॲल्युमिनियमची छोटी होडी भरधाव येते. कधीकधी दोन येतात, आणि मग शर्यतच! जी होडी आधी पोचली तिचे ते पाहुणे, अशी ह्या गावची जुनी रीत. ज्याने गाठलं त्या घराने त्यांची नौका बोयाला बांधून द्यायची, त्यांना आपल्या होडीतून ने-आण करायची, दुपारचं जेवण घालायचं, गाव दाखवायचं. पाहुणे चार दिवस राहोत की दहा दिवस, ते त्याच घरचे. इतकंच काय, दोन-चार वर्षांनी तीच मंडळी पुन्हा आली, तर पुन्हा त्याच घरचे. आपल्याकडे पंढरपूरला किंवा त्र्यंबकेश्वरला घराण्याचे ठरलेले उपाध्ये असतात, त्याची आठवण झाली मला.

आधी सरकारी सोपस्कार होतात. एवढ्याशा गावातही कागदपत्रं तपासणारे आहेत, फळफळावळ आणि किडामुंगी बघणारे आहेत, आणि फीही आहे. बेट लहान असलं तरी ते एका देशाचा भाग आहे, हे विसरून चालत नाही. ते झालं, की यजमानाच्या होडीत बसायचं आणि त्या वेड्यावाकड्या वाटेने आत. दोन्ही बाजूंना पाण्याखाली पोवळ्याचे सुळके. होडी हाकणारा मात्र घरच्या अंगणातून चालावं तसा जातो.

एकच आडनाव

किनाऱ्यावर पाऊल ठेवलं की ओळखी सुरू होतात आणि पाहुणी बुचकळ्यात पडते. यजमानाचं आडनाव मार्स्टर्स. शेजाऱ्याचं मार्स्टर्स. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या बाईचंही मार्स्टर्स. सारं गाव मार्स्टर्स. बाहेरून नोकरीसाठी आलेली एखाददुसरी व्यक्ती सोडली, तर दुसरं आडनाव नाही. कारण हे सारं गाव एकाच माणसाचा वंशविस्तार आहे. आणि त्याच्या तीन बायकांचा.

कॅप्टन कुक ह्या प्रसिद्ध दर्यावर्दीला हे बेट प्रथम दिसलं १७७४ साली. त्याने दूरूनच नाव दिलं, विलायतेतल्या एका लॉर्डसाहेबांचं, आणि पुढे गेला. १७७७ मध्ये तो परत आला तेव्हा त्याच्या जहाजावर गुरं होती आणि त्यांचा चारा संपत आला होता, म्हणून माणसं उतरवून चारा आणि नारळ गोळा करून नेले. तेव्हा बेटावर कुणीच राहत नव्हतं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १८६३ च्या सुमारास, विल्यम मार्स्टर्स नावाचा एक इंग्रज इथे आला. ताहितीच्या एका व्यापाऱ्यासाठी नारळाची लागवड करायची, खोबरं वाळवून ठेवायचं, हे त्याचं काम. बरोबर टोंगारेव्हा बेटावरच्या पॉलिनेशियन स्त्रिया होत्या. पुढे तिघी त्याच्या बायका म्हणून नांदल्या. अकाकाइंगारो, तेपोऊ आणि मातावीया.

तीन सवती, नवरा एक, आणि पळून जायला चहूकडे समुद्र! आपल्या कथाकादंबऱ्यांत दोन सवती एका वाड्यात आल्या तरी विहीर जवळ करण्यापर्यंत गोष्ट जाते. इथे तिघींची मिळून वीसेक मुलं. विल्यमचं काही सगळंच वाखाणण्याजोगं होतं असं माझं म्हणणं नाही. तीन बायका करणाऱ्या पुरुषाचं कौतुक मी कशाला करू? पण एक गोष्ट त्याने केली ती आपल्या कितीएक शहाण्यासुरत्या घराण्यांत झालेली नाही. डोळे मिटण्याआधी त्याने वाटणी करून ठेवली. आवडती-नावडती असा भेद न करता बेटाचे तीन भाग, तीन बायकांच्या तीन घराण्यांना. आजूबाजूच्या लहान बेटांचेही तसेच भाग. शिवाय लग्नाचा नियम घालून दिला : एका घराण्यातल्या मुलामुलीने आपसात लग्न करायचं नाही. आपल्याकडे सगोत्र वर्ज्य मानतात ना, तसंच काहीसं. तो १८९९ मध्ये वारला. त्याची कबर गावातच आहे, आणि पाहुण्यांना ती दाखवल्याशिवाय गाव दाखवून झालं असं कुणी मानत नाही.

ती वाटणी आजही चालते. गावाच्या कारभारात तिन्ही घराण्यांना स्थान आहे, तिन्ही घराण्यांचे प्रमुख आहेत. १९५४ साली कायद्यानेही बेटाची मालकी ह्या वंशजांच्या नावे झाली. आडनाव विल्यमचं चाललं खरं, पण आपण कोणत्या घराण्यातले हे सांगताना माणूस बापाशी थांबत नाही, आजी-पणजीपर्यंत जातो. तिघींपैकी आपली कोणती, ते सांगतो.

ह्या लग्नाच्या नियमाची एक गंमत माझ्या मनातून जात नाही. गावातल्या गावात, एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात मुलगी दिली, तर तिचं माहेरचं आडनाव मार्स्टर्स आणि सासरचंही मार्स्टर्स. नाव बदलण्याचा प्रश्नच मिटला. माहेर कुठे, तर माडांच्या त्या पलीकडच्या रांगेत. सासूशी खटकलं तर पाच मिनिटांत आईच्या दारात. मात्र पाचच मिनिटांत सासूही तिथे येऊन पोचू शकते! अर्थात सगळीच लग्नं गावातली नसतात. दुसऱ्या बेटांवरून सुना आल्या, जावई आले, आणि इथल्या मुलीही बाहेर दिल्या गेल्या.

विल्यमने घरात इंग्रजी बोलायचा दंडक घातला होता. त्यामुळे कुक बेटांत इतरत्र लोक घरी आपली माओरी बोली बोलत असले तरी पामर्स्टनची घरची भाषा इंग्रजी. फुटलेल्या जहाजांच्या लाकडातून त्याने उभारलेलं जाडजूड वाशांचं घर अजून पाहायला मिळतं. १९२६ च्या मोठ्या चक्रीवादळासकट किती वादळं त्या बेटावरून गेली असतील. जमीन समुद्राच्या वर मोजून काही हात. अशा ठिकाणी तुळई जाड घालायची हे सुतारकाम जाणणाऱ्याला सांगावं लागत नाही.

पान वाढलं आहे

जेवणाची वेळ झाली. पाहुण्यांच्या ताटात काय? पॅरटफिश नावाचा रंगीत मासा हे ह्या बेटाचं मुख्य अन्न, आणि मुख्य उत्पन्नही. आतल्या उथळ पाण्यात तो जाळ्याने धरतात, साफ करून, तुकडे करून मोठाल्या फ्रीजरमध्ये ठेवतात आणि जहाज आलं की रारोटोंगाला पाठवतात. त्याच्या जोडीला भात. तांदूळ बेटावर पिकत नाही, तो जहाजानेच यायचा. आणि नारळ तर हवाच. नारळ खवायचा, हाताने पिळून घट्ट रस काढायचा, तो माशावर किंवा भाजीवर घालायचा. कच्च्या माशाचे तुकडे लिंबाच्या रसात मुरवून त्यावर नारळाचं दूध घालण्याची त्या देशाची एक आवडती रीत आहे. आपल्या मालवणच्या बाईला ते पाहून सोलकढीची आठवण होईल आणि कच्च्या माशाने तोंडही वाकडं होईल.

भाज्यांची मात्र आबाळ. पोवळ्याचा चुरा म्हणजे ती माती, त्यात कोथिंबीरसुद्धा धड यायची नाही. नदी नाही, ओढा नाही. पिण्याचं पाणी म्हणजे पत्र्यावरून पडणाऱ्या पागोळ्यांचं, टाक्यांत साठवलेलं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्या गावच्या बायकांना ह्या बायकांची पाणी वापरण्याची काटकसर लगेच कळेल. आणि एवढं असूनही घरापुढची पांढरी वाळू झाडून, दाताळ्याने रेषा ओढून लख्ख ठेवलेली. सडा घालायला पाणी नाही, पण अंगण स्वच्छ हवं, हा बायकांचा हट्ट सगळ्या जगात एकच दिसतो.

गावात दुकान नाही. आपसातल्या व्यवहारात पैसा लागत नाही. पैसा लागतो तो बाहेरून माल मागवायला. वर्षातून एकदा बोसन नावाच्या समुद्रपक्ष्यांची पिल्लं आणतात, ती मोजून लहानथोर सगळ्यांना माणशी सारखी वाटतात. माझ्यासारख्या शाकाहारी बाईला ते वाचून जरा कसंसंच झालं. पण वाटणीतला काटेकोरपणा बघा. तीन सवतींच्या पोरांत भांडण होऊ नये म्हणून घातलेली शिस्त आज सहाव्या-सातव्या पिढीतही मोडलेली नाही.

मग पाहुण्यांच्या जेवणाचं बिल? छे! बिल कसलं? पण पाहुणे रिकाम्या हाताने येत नाहीत. अनुभवी माणसं बोराबोरा सोडतानाच पिठाची पोती, साखर, तांदूळ, कॉफी, दोरखंड, होडीसाठी पेट्रोल, मुलांसाठी वह्या-पेन्सिली भरून घेतात. कुणाला इंजिन दुरुस्त करता येतं, कुणाला शिलाई मशीन. तो दिवसभर बसून ते काम करून देतो. नौका पुढे जाणार असेल तर टपाल, एखादं पार्सलही पोचवते. कुणी हे देणंघेणं वहीत लिहून ठेवत नाही. आपल्याकडे शेजारणीने वाटीभर साखर नेली की ती वाटी परत येते ती रिकामी येत नाही, तिच्यात चार लाडू तरी असतात. तसंच हे.

रविवारी मात्र सगळी कामं बंद. त्या दिवशी चर्च. पाहुण्यांनीही यावं अशी अपेक्षा असते. बायका चांगले कपडे आणि हॅट घालून येतात. कुक बेटांत माडाच्या कोवळ्या पातीची विणलेली पांढरी, झुळझुळीत हॅट हे बाईचं भूषण. आणि ह्या विणकामात नावाजलेलं बेट कोणतं, तर टोंगारेव्हा. त्या तिघी सवतींचं माहेर!

सूनबाई परत येतील का?

एवढं ऐकून कुणालाही वाटेल, की काय सुखी गाव आहे. पाहुणीलाही पहिले दोन दिवस तसंच वाटतं. तिसऱ्या दिवशी यजमानीणबाईशी जरा मोकळं बोलणं होऊ लागलं, की दुसरी बाजू दिसते.

गावात शाळा आहे. नाव 'लकी स्कूल'. छोटा दवाखाना आहे, नर्स असते, डॉक्टर नाही. २०१५ पासून सूर्यशक्तीवर चोवीस तास वीज आली, फोन आहे, इंटरनेट आहे. म्हणजे अगदी अंधारात आहेत असं नाही. पण मूल मोठं झालं, की पुढे शिकायला रारोटोंगाला नाहीतर न्यूझीलंडला पाठवायचं. पोटात दुखायला लागलं आणि ते साधं नसलं, तर डॉक्टर दोन दिवसांच्या बोटीवर. आणि ती बोट आज असेल की महिन्यानंतर? लेकराला ताप चढला की आपण रात्री बारा वाजता रिक्षा शोधतो. तिथली आई काय शोधणार?

शिकायला गेलेली पोरं मग तिकडचीच होतात. नोकरी तिकडे, लग्न तिकडे. विल्यमची सगळ्यांत धाकटी मुलगी १९७३ साली वारली, तेव्हाच त्याचे वंशज हजारावर गेले होते. पण ते सारे रारोटोंगात, न्यूझीलंडमध्ये विखुरलेले. बेटावर २०११ च्या शिरगणतीत साठ माणसं होती. २०१६ मध्ये अठ्ठावन्न. २०२१ मध्ये पंचवीस. आपल्या एखाद्या चाळीच्या एका मजल्यावर ह्याहून जास्त माणसं असतात. पंचवीसांत तीन घराणी, त्यात म्हातारे, त्यात मुलं. शाळा चालायला मुलं लागतात. जहाज आलं की ते भिंतीबाहेरच थांबतं आणि त्यातली पोती-पिंपं लहान होड्यांतून आत आणावी लागतात, त्याला दांडगी माणसं लागतात. आणि पाहुणा आला, तर आधी मी की आधी तू अशी शर्यत करायला दुसरी होडी तरी हवी ना?

आपल्या कोकणातल्या घरांची गोष्ट काही फार वेगळी नाही. गणपतीत माणसांनी फुललेलं घर, आणि एरवी एक म्हातारी, तिची मांजर आणि मुंबईचा फोन कधी येतो त्याची वाट. पण कोकणात एस.टी. तरी जाते.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे कुक बेटांनी सीमा बंद केल्या. त्यानंतर दोनेक वर्षं शिडाच्या नौकांना मज्जाव होता. आजारापासून बेट वाचावं म्हणून ते योग्यच होतं. पण त्या दोन मोसमांत पश्चिमेचे बोये रिकामे राहिले. पिठाची पोती आली नाहीत, इंजिन बघणारा आला नाही, आणि मुख्य म्हणजे घरात नवं माणूस आलं नाही. तीच पंचवीस तोंडं, रोज. पाहुण्यांची वाट बघणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं असेल. इथे पाहुणा म्हणजे नुसतं एक पान वाढणं नाही. तो टपाल आहे, वर्तमानपत्र आहे, सुट्या भागांचं दुकान आहे. गप्पा मारायला दुसरी बाई आहे. आता नौका पुन्हा येऊ लागल्या आहेत.

आणि ह्या पाहुणचाराला एक धोक्याची किनारही आहे. पाहुणे जेवतात गावात, पण रात्री झोपायला आपल्या नौकेवर जातात. कारण वारा. एरवी तो पूर्वेकडून वाहतो, तेव्हा पश्चिमेची बाजू शांत असते. तो फिरून पश्चिमेचा झाला, की बोयाला बांधलेली नौका लाटांबरोबर थेट पोवळ्याच्या भिंतीकडे ढकलली जाते. दोरी तुटून नौका भिंतीवर आपटल्याचे प्रकार घडलेले आहेत. माणसं वाचतात. गावकरी काळोखात होड्या घालून त्यांना आणतात. पण घर म्हणून वर्षानुवर्षं सजवलेली नौका, तिच्यातली भांडी, अंथरुणं, मुलांच्या वह्या, सगळं डोळ्यांदेखत फुटतं. मग ती मंडळी पुढलं जहाज येईपर्यंत गावातच राहतात. तेव्हा पाहुणचार चार दिवसांचा उरत नाही, आठवड्यांचा होतो, आणि साठवलेला तांदूळ सगळ्यांना पुरवायचा असतो. तरी त्यांना दार उघडं असतं.

म्हणून वारा फिरायची चिन्हं दिसली, की यजमानच पाहुण्यांना सांगतो, आता निघा. हे सांगणं त्याच्या जिवावर येतं, कारण पुढची नौका दुसऱ्या दिवशी येईल की पंधरा दिवसांनी, कुणाला ठाऊक. निघताना गोठवलेले मासे आणि नारळ होडीत ठेवले जातात. यजमानीणबाई किनाऱ्यापर्यंत येते. पाहुणीला काय द्यावं हे सुचत नाही. ती नौकेवर जाऊन सगळी कपाटं उघडते आणि जे जे जादा सापडेल, शिवणाच्या सुया, चहाची डबी, एखादी चांगली सुरी, कुकरची जादा रबर रिंग, ते पिशवीत भरून यजमानाच्या होडीत देते.

मग बोयाची दोरी सोडतात, शीड वर जातं. नौका पश्चिमेला वळते. पुढचं गाव नियुए, आणखी तीन-चार दिवसांवर. होडीतला यजमान थोडा वेळ मागून येतो, हात हलवतो आणि वळतो. जाताजाता एकदा उभा राहून पूर्वेकडे नजर टाकून घेतो, दुसरं एखादं शीड दिसतंय का ते बघायला.